वाळवंटात गेलेलं कासव

न्यू जर्सीत, एडिसनमधल्या आमच्या शेजारच्या घरात मी पहिल्यांदा गेले तेव्हा चपला दाराबाहेर काढल्या, दिवाळीच्या फराळाचं ताट सांभाळत आत शिरले आणि भिंतीवरच्या एका रबराच्या पट्टीला मनोभावे नमस्कार केला.

हसू नका. तुम्हीही केला असता. दिवाणखान्यात टीव्हीच्या वर काचेची चौकट. तिच्यात दोन फूट लांब, टीचभर रुंद अशी पांढरट पट्टी. वर मंद पिवळा दिवा, खाली फळीवर ताजी फुलं, शेजारी टोपी घातलेल्या एका तरुणाचा काळा-पांढरा फोटो. इतकी सगळी मांडामांड पाहिल्यावर मराठी बाईचे हात आपोआप जुळतात, डोकं नंतर विचार करतं. मी डोळे मिटले, पट्टीला नमस्कार केला, मग फोटोतल्या दिवंगत गृहस्थांनाही केला. डोळे उघडले तर ते दिवंगत गृहस्थ स्वयंपाकघरातून कॉफीचा कप घेऊन बाहेर येत होते. वय ऐंशीच्या आसपास, पण कान आणि हसू फोटोतलंच.

माझ्या हातातलं ताट वाचलं हे चकल्यांचं नशीब.

घराचे मालक म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, निवृत्त दंतवैद्य. दोघे मेक्सिकोच्या समुद्रकाठच्या एका गावचे. धाकटे तरुणपणीच इकडे आलेले, इथेच दातांचा दवाखाना चालवून म्हातारे झालेले. थोरले बायको गेल्यावर अलीकडे भावाकडे राहायला आलेले. मी दोघांनाही काका म्हणते. थोरले काका आणि धाकटे काका. ते मला स्पॅनिशमध्ये शेजारीण म्हणतात. आमचं बोलणं इंग्रजीतून चालतं, त्यात त्यांची स्पॅनिश कोथिंबिरीसारखी वरून पडते. इथे ते सगळं मी मराठीत सांगते, कारण माझ्या डोक्यात ते मराठीतच साठलंय.

तर, धाकट्या काकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "शेजारणी," ते म्हणाले, "इतक्या वर्षांत शेकडो लोक या खोलीत आले. कुणी विचारलं, हा दाराखालचा अडसर आहे का. कुणी विचारलं, व्यायामाचं साहित्य आहे का. ह्या बेसबॉलच्या पट्टीपुढे मान झुकवणारी तू पहिली."

आता अशा माणसाला कोण सांगणार, की मला ते देवाचं काहीतरी वाटलं! मी गंभीर चेहऱ्याने म्हटलं, "आमच्याकडे पद्धतच आहे."

घरी येऊन नवऱ्याला विचारलं, "बेसबॉलमध्ये रबराची पट्टी कशाला असते रे?"

नवरा क्रिकेटवाला. त्याच्या मते बेसबॉल म्हणजे घाईत उरकलेलं क्रिकेट. पण माहिती त्याला सगळी असते. "बॉल टाकणारा असतो ना, पिचर, तो मधल्या मातीच्या उंचवट्यावर उभा राहतो. त्या उंचवट्यात ती पट्टी ठोकलेली असते. बॉल टाकताना पाय तिला टेकलेला हवा."

"म्हणजे आपल्या क्रीझसारखं?"

"क्रीझला कुणी फ्रेम करून भिंतीवर लावत नाही."

आमची मुलगी तेवढ्यात जिन्यावरून ओरडली, "आई, डिड यू सीरियसली प्रे टू स्पोर्ट्स इक्विपमेंट?" मी म्हटलं, दसऱ्याला तुझ्या लॅपटॉपला झेंडू कोण वाहतं?

पण मला चैन पडेना. दिवाळी संपली तरी मी या ना त्या निमित्ताने शेजारी जायला लागले. कधी डबा परत आणायला, कधी पुदिना द्यायला. आणि हप्त्याहप्त्याने मला एका बेसबॉल संघाचा इतिहास मिळत गेला.

धाकट्या काकांची आवृत्ती अशी. गावात मासे डबाबंद करण्याचा कारखाना होता. कामगार दुपारी वाळूवर बेसबॉल खेळत. एकदा शेजारच्या बंदराच्या संघाशी सामना ऐन रंगात आला असताना समुद्रातून एक प्रचंड कासव वर आलं, मैदानात शिरलं आणि बरोब्बर मधोमध अंडी घालायला बसलं. सामना थांबला. कुणी त्याला हात लावेना. ते शांतपणे आपलं काम उरकून परत गेलं, त्यानंतर कारखान्याचा संघ हरता हरता जिंकला. कारखान्याच्या मालकाने तिथल्या तिथे हुकूम दिला, आजपासून आपल्या छातीवर कासव. पुढे संघ व्यावसायिक झाला, पगारी खेळाडू आले, लाकडी स्टेडियम उभं राहिलं आणि थोरल्या काकांनी डाव्या हाताने बॉल टाकून गावाला एकुलतं एक विजेतेपद मिळवून दिलं.

हे सांगताना धाकटे काका कासवाच्या चालीने खोलीभर फिरले. गुडघे दुखत असताना.

ते कॉफी आणायला आत गेले तसे थोरले काका माझ्याकडे झुकले. "कासव वगैरे काही आलं नव्हतं. मालक साबणही विकायचा, त्याच्या खोक्यांवर कासवाचं चित्र होतं. ठसा तयार होता, तोच शर्टांवर मारला. खर्च वाचला."

"मग तुम्ही त्यांना सांगत का नाही?"

"कासव छान करतो तो," थोरले काका म्हणाले.

तिसरी आवृत्ती मला त्या संघाच्या वेबसाइटवर सापडली आणि मी खुर्चीतून पडायची राहिले. कारण तो संघ आता समुद्रकाठी नव्हताच. कारखाना बंद पडला, मालकाने संघ विकला, घेणाऱ्याचं शहर पार आत, वाळवंटात. त्याने संघ नेला, नाव नेलं, विजेतेपदाचा चषक नेला, कासवही नेलं. आणि वाळवंटात समुद्राचं कासव शोभेना म्हणून तिकडच्या लोकांनी लिहून टाकलं, की आमचं कासव हे मूळचं जमिनीवरचं, या मातीतलं, चिकाटीचं प्रतीक. समुद्राचा उल्लेखसुद्धा नाही!

मी ते वाचून दाखवलं तर धाकटे काका उभे राहिले. "वल्ही आहेत त्याला!" ते गरजले. "त्या चित्रातल्या कासवाला पायांच्या जागी वल्ही आहेत! वाळवंटात वल्ही मारतंय ते?"

खरंच होती. चित्र बदलायला विसरले होते.

मग मला पट्टीची गोष्ट कळली. संघ हलवायचं ठरलं तेव्हा वाळवंटातून ट्रक येणार अशी बातमी गावात पसरली. ते सगळं नेणार होते. दिवे, खुर्च्या, फाटक, बँडचा ढोलसुद्धा. धाकटे काका तेव्हा दंतवैद्यकाचे विद्यार्थी, सुट्टीला घरी आलेले. ट्रक यायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, सगळं गाव जेवून आडवं झालेलं असताना ते एकटे स्टेडियममध्ये शिरले आणि पिचरच्या उंचवट्यातली पट्टी उपटून घेऊन आले. तिच्या जागी शाळेच्या मैदानातली जुनी पट्टी ठोकून ठेवली. दुसऱ्या दिवशी ट्रकवाल्यांनी मोठ्या समारंभाने ती शाळेची पट्टी खणून नेली. आज वाळवंटातल्या त्या झकपक स्टेडियममध्ये ती काचेच्या पेटीत आहे आणि खाली लिहिलंय, मूळ पट्टी.

"आणि मूळ पट्टी," धाकटे काका भिंतीकडे बोट करून म्हणाले, "न्यू जर्सीत आहे. ज्या पट्टीवर पाय ठेवून माझ्या भावाने तो सामना जिंकला, ती. त्यांनी संघ नेला. इतिहास नाही."

हे ऐकल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं. कारण आमचं मंडळ फुटलेलं आहे.

अमेरिकेतलं मराठी मंडळ फुटणं ही काही बातमी नव्हे. आमचं का फुटलं हे दोन माणसं दोन तऱ्हेने सांगतात. एक म्हणतो हॉलच्या बुकिंगवरून, दुसरा म्हणतो गणपतीच्या जेवणात पुरणपोळ्या केटररकडून मागवाव्या की घरोघरी लाटाव्या यावरून. फुटल्यावर एकाकडे साउंड सिस्टिम गेली, एकाकडे समया गेल्या. पण स्थापनेचं वर्ष दोघांकडे गेलं. दोन्ही मंडळं दर वर्षी तोच आकडा छापतात, दोघांच्याही पत्रिकेवर 'मूळ' असतं. मी दोन्हीकडे सूत्रसंचालन करते. एकीकडे सकाळी, दुसरीकडे संध्याकाळी, साडी बदलून. त्यामुळे मूळ कोण या प्रश्नावर तोंड कसं बंद ठेवायचं, यात माझा हात कुणी धरू शकणार नाही.

तर मागच्या वसंतात बातमी आली. वाळवंटातला तो संघ वर्धापनाच्या निमित्ताने अमेरिकेचा दौरा करणार होता आणि एक मैत्रीपूर्ण सामना न्यू जर्सीत होता, आमच्यापासून गाडीने तासाभरावर. संघाच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. त्यांनी थोरल्या काकांना शोधून काढलं होतं. सामन्याआधीचा पहिला, मानाचा बॉल त्यांनी टाकावा. त्यासाठी ती काचेच्या पेटीतली पट्टी ते बरोबर आणणार होते. थोरल्या काकांनी तिच्यावर पाय ठेवायचा आणि माइकवर सांगायचं, की हीच ती.

मी त्या वेळी नेमकी तिथेच होते. मेथीची जुडी द्यायला गेले होते. फोन स्पीकरवर होता.

धाकट्या काकांचा चेहरा भिंतीवरच्या पट्टीसारखा झाला. "नाही म्हणून सांग."

"का?" थोरले काका म्हणाले.

"का? चोरांच्या मैदानात? शाळेच्या पट्टीवर?"

"मैदान न्यू जर्सीचं आहे."

"तू तिच्यावर उभा राहिलास की झालं. जगात एकच माणूस आहे जो सांगू शकतो कुठली खरी. आणि तो जाऊन त्यांच्या पट्टीवर उभा राहणार, फोटो काढून घेणार. मग माझ्याकडे काय आहे? दाराखालचा अडसर!"

थोरले काका फोनवर म्हणाले, "उद्या सांगतो, बेटी," आणि मागच्या अंगणात निघून गेले. मी मेथी टेबलावर ठेवली आणि त्यांच्या मागे गेले. चौकसपणाचा आरोप माझ्यावर आधीपासूनच आहे, नवीन काही होणार नव्हतं.

ते मिरच्यांना पाणी घालत होते. मी विचारलं, "तुम्हाला जायचंय?"

"खूप." त्यांनी पाइप खाली ठेवला. "लोकांसमोर एकदा बॉल टाकायचाय. अंगात तो शर्ट घालून. बस. पट्टी त्यांची असो, याची असो, तुझ्या नवऱ्याची असो."

"पण ते विचारणार, हीच का ती."

थोरल्या काकांनी घराच्या खिडकीकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "शेजारणी, ती पट्टी रबराची असते. खिळ्यांचे बूट घालून तिच्यावर दिवसभर माणसं पाय घासतात. दर हंगामाला जुनी फेकून नवी बसवायचे. आणि ट्रक आले तेव्हा मला खेळणं सोडून कितीतरी वर्षं झाली होती. मी बुटांचं दुकान चालवत होतो. मी ज्या पट्टीवरून तो सामना जिंकला ती केव्हाच उकिरड्यावर गेली. त्यांच्याकडची माझी नाही. ह्याच्याकडचीही नाही."

मी तोंडाला हात लावला. खरं सांगते, एरवी इतकी मोठी बातमी माझ्या पोटात रस्ता ओलांडेपर्यंत टिकत नाही.

"धाकट्या काकांना माहीत नाही?"

"त्याने कधी विचारलंच नाही. मी इथे आलो तर भिंतीवर चौकट होती, फुलं होती. दिवा होता. आता काय सांगू? माइकवर खोटं बोलायचं नाही. खरं बोललो तर त्याचं काय?" ते परत पाणी घालायला लागले. "आणि बॉल तर टाकायचाच आहे."

म्हणजे पेच असा होता. मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. तो रोज विचारायचा, "शेजारचा इतिहास कुठपर्यंत आला?" आणि मी म्हणायचे, "मिरच्यांना पाणी घालतोय."

थोरल्या काकांनी फोन करून होकार कळवला. धाकट्यांनी जाहीर केलं, की मी गाडी काढणार नाही, येणार नाही आणि टीव्हीवर दाखवलं तरी बघणार नाही. दोघं एका टेबलावर जेवत होते पण मीठ माझ्याकडे मागत होते, मी तिथे असले तर.

सामना रविवारी दुपारी होता. मी थोरल्या काकांना गाडीत बसवलं. त्यांनी शर्टाला स्वतः इस्त्री केली होती. निघताना मी शाल आणि नारळही घेतला. सत्कार म्हटला की माझे हात रिकामे राहू शकत नाहीत. स्टेडियमच्या फाटकावर सुरक्षेच्या माणसाने नारळ उचलून पाहिला.

"मॅडम, हे आत नेता येणार नाही."

"का?"

"कुणीतरी फेकू शकेल."

"अहो, आम्ही आलोयच फेकायला!" मी थोरल्या काकांकडे बोट दाखवलं. त्याने नारळ ठेवून घेतला. शाल आत गेली.

आत बघते तर स्टेडियम दोन रंगांत वाटलेलं. एका बाजूला वाळवंटवाल्या शहराचे लोक, पिवळे. दुसऱ्या बाजूला चक्क समुद्रकाठच्या गावची माणसं, न्यू जर्सीभरातून जमलेली, जुने निळे शर्ट घालून, आणि त्यांनी आणलेल्या कापडी फलकावर भलंमोठं कासव, वल्ह्यांभोवती लाल रंगाने गोल काढलेले. मला इतका आनंद झाला की काय सांगू. दोन्ही मंडळं एका छपराखाली!

संघाच्या ऑफिसातली ती मुलगी हातात कागद घेऊन धावत आली. नाकावर घाम. आम्ही तिच्याशी बोलतोय तोच मागून ओळखीचा आवाज आला.

"मी त्याचा भाऊ आहे! सोडा मला!"

धाकटे काका. टॅक्सीने आले होते. छातीशी आंघोळीच्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी लांबट, अगदी बाळंतिणीच्या खोलीतून निघाल्यासारखं धरलेलं. सुरक्षेवाला माझा नारळ हातात घेऊन त्यांच्या मागे.

"पाय ठेवायचा असेल तर ह्याच्यावर ठेव," ते भावाला म्हणाले आणि टॉवेल उघडला. "ह्यांच्या पट्टीवर नाही."

मुलीने पट्टी पाहिली, धाकट्यांना पाहिलं, कागद पाहिला. "पण सर, आमच्याकडे मूळ पट्टी आहे."

"तुमच्याकडे प्राथमिक शाळा आहे!"

आता मी पुढे झाले. हे माझं क्षेत्र होतं. मी मुलीला बाजूला घेतलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्या सर्वांत गोड, दीपप्रज्वलनाच्या आवाजात म्हटलं, "हे बघ बेटा. ते निळे लोक दिसतात ना? तू एकच पट्टी ठेवलीस तर ते घोषणा देतील. तू ह्यांना हाकललंस तर ते कुंपणावर चढतील. दोन्ही ठेव, शेजारी शेजारी. आणि निवेदकाला सांग, प्रश्न विचारायचा नाही."

"पण कागदावर प्रश्न आहे."

"मी वीस वर्षं माइक धरतेय. कागदावरचं निम्मं बोलायचं नसतंच."

तिने एकदा निळ्या गर्दीकडे पाहिलं आणि मान हलवली. मला वाटतं, तिला फक्त कुणीतरी ठाम आवाजात सांगायला हवं होतं.

दोन्ही पट्ट्या मैदानात गेल्या. धाकटे काका स्वतःची पट्टी दुसऱ्याच्या हातात द्यायला तयार नव्हते, म्हणून तेही गेले. काचेच्या पेटीतली पट्टी दोन माणसांनी पांढरे हातमोजे घालून आणली. मातीच्या उंचवट्याच्या उतारावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. बरं, न्यू जर्सीच्या मैदानाची स्वतःची तिसरी पट्टी वर आधीच ठोकलेली होती. तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मी कुंपणाला चिकटून उभी होते, शाल हातात घेऊन. दुरून सांगते, तिन्ही सारख्या दिसत होत्या.

थोरले काका संथ चालत आले. कासवाचा शर्ट, डोक्यावर टोपी. पिवळे उठून उभे राहिले, निळे उठून उभे राहिले. आणि त्या निवेदकाने, मेल्याने, प्रश्न विचारलाच. सांगितलं असूनही! आधी स्पॅनिशमध्ये, मग इंग्रजीत. "उस्ताद, सगळे वाट पाहताहेत. आपली पट्टी कुठली?"

धाकटे काका पट्ट्यांपासून चार हातांवर, टॉवेल हातात पिळत.

थोरल्या काकांनी डावीकडच्या पट्टीकडे पाहिलं. उजवीकडच्या पट्टीकडे पाहिलं. मग मान वर करून पलीकडे, जिथे बॉल झेलणारा कॅचर बसतो तिथे पाहिलं, आणि माइकवर म्हणाले, "हे फार लांब आहे हो."

लोक हसले.

"माझा खांदा म्हातारा झालाय. इथून मला जमायचं नाही."

आणि ते दोन्ही पट्ट्यांच्या मधून निघाले. उतार उतरले, गवतावर आले, चालत राहिले, पार अर्ध्या वाटेपर्यंत. तिथे थांबले, बुटाने गवत उगाच जरा दाबलं, आणि वळून भावाला म्हणाले, तेही माइकवर ऐकू गेलं, कारण निवेदक माइक घेऊन मागे पळत होता, "आता आलाच आहेस तर जा, पलीकडे बस. लहानपणी बसायचास तसा."

कॅचरने आपला मोठा हातमोजा काढून दिला. धाकटे काका टॉवेल खांद्यावर टाकून पलीकडे गेले. पूर्ण खाली बसणं त्यांना शक्य नव्हतं. ते खुर्चीत बसल्यासारखे हवेत अर्धवट वाकले. गुडघ्यांचा आवाज मला आला असं मी शपथेवर सांगेन, मी कुंपणापाशी होते तरी.

थोरल्या काकांनी डावा हात मागे नेला. मला बेसबॉल कळत नाही, पण त्या क्षणी त्यांचं म्हातारपण कुठेतरी बाजूला झालं एवढं दिसलं. बॉल सुटला, हवेत जरा वर चढला, खाली आला, जमिनीला न लागता हातमोज्यात शिरला. पंचाने नाटकी हात केला, स्ट्राइक, म्हणजे बॉल अचूक पडला. आणि पिवळे आणि निळे दोघंही ओरडायला लागले, दोघांनाही वाटलं की आपलाच बॉल होता.

मी आत घुसून थोरल्या काकांना शाल पांघरली. कुणी अडवलं नाही. लोकांना वाटलं, कार्यक्रमातच आहे.

सामना आम्ही पूर्ण पाहिला नाही, थोरले काका दमले. परतताना ते माझ्या शेजारी पुढे बसले, शाल पांघरलेलेच. मागे धाकटे काका, मांडीवर टॉवेलात पट्टी. गाडी टर्नपाइकच्या महामार्गाला लागली. मी आरशातून बघत होते आणि रस्त्याकडे बघायला हवं म्हणून स्वतःला दटावत होते.

"तू पाय का नाही ठेवलास?" मागून प्रश्न आला.

"खांदा."

"खांद्याने पाय ठेवतात?"

मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"माझ्याही पट्टीवर नाही ठेवलास," धाकटे म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता. "त्यांच्यावर नाही ते समजलं. माझ्यावर का नाही?"

थोरल्या काकांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग हळूच मागे वळले. "ट्रक आले त्या वर्षी मी काय करत होतो?"

"बुटांचं दुकान."

"मग त्या पट्टीवर मी केव्हा उभा राहिलो?"

मागून, सावकाश, "ती आधीपासून..."

"दर हंगामाला नवी यायची रे. जुनी उकिरड्यावर. माझी तर मी दुकान काढायच्या आधीच गेली."

आरशात धाकट्या काकांचा चेहरा मला बघवेना. ते टॉवेलाकडे बघत होते. मला वाटलं आता गाडी थांबवून ती पट्टी खाली फेकायला सांगणार. मी एक्झिट शोधायला लागले.

"मग ही कुणाची?" ते म्हणाले. "मी इतकी वर्षं कुणाची फुलं बदलतोय?"

"तुझी," थोरले काका म्हणाले. "भर दुपारी तू गेलास. तू खणलीस. पकडला गेला असतास तर गावासमोर नाक कापलं असतं. मी काय, पगार घेऊन बॉल टाकले." ते आणखी मागे वळले. "तू तेव्हा दुसऱ्या वर्षाला होतास ना कॉलेजात? एकाही रोग्याला हात लावला नव्हतास. तू उपटलेला पहिला दात आहे तो."

मला हसू फुटणार होतं, मी ओठ चावले.

मागे टॉवेल उलगडल्याचा आवाज झाला. धाकटे काका पट्टी उलटी करून तिच्या पाठीवरून बोट फिरवत होते, अगदी तपासणीच्या खुर्चीपाशी उभे असल्यासारखे.

"मुळांसकट काढला होता," ते म्हणाले. "चारही खिळे. एकही तुटू दिला नाही."

"मग?" थोरले काका म्हणाले.

"आणि भूल न देता."